पातेल्यापुढचा नाच

आईनं तो रोस्का खाण्यासाठी कापला नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते, कारण गावात अजूनही काही जण उलटंच सांगत फिरतात. तिनं तो शिकवण्यासाठी कापला होता.

सहा जानेवारी, तीन राजांचा सण. आमच्या सांता क्लोतिल्देच्या आरोग्य केंद्रात, मागच्या खोलीत, साखरवाल्यांचा क्लब जमला होता. साखरवाले म्हणजे मधुमेहाचे पेशंट. बहुतेक सगळे म्हातारे, आणि जे म्हातारे नाहीत ते आपण म्हातारे नाही हे सांगण्यात फार वेळ घालवणारे. माझी आई एरेंदिरा त्यांची आहारतज्ज्ञ. तिला सगळे नुत्रीबाई म्हणतात. तिनं आधीच बजावलं होतं, "या वर्षी क्लबात रोस्का आणायचा नाही." त्यावर सगळ्यांनी इतक्या गुणी चेहऱ्यानं माना डोलावल्या होत्या, की तिला तिथेच संशय यायला हवा होता.

डोन्या फिलेमोना आत आली ती दोन्ही हातांवर तान्हं मूल आणावं तसा एक लांबलचक रोस्का, म्हणजे या सणाचा गोड पाव, घेऊन. वर साखरेचे जाड पट्टे, लाल-हिरवी पाकातली फळं, आणि वास असा की भिंतीवरच्या "मिठाई टाळा" या पोस्टरलाही तोंडाला पाणी सुटावं.

"डोन्या फिलेमोना, आपलं काय ठरलं होतं?" आई म्हणाली.

"क्लबासाठी नाही हो आणला, नुत्रीबाई. घरीच चालले होते. वाटेत क्लब लागला."

आईनं सुस्कारा सोडला आणि सुरी मागितली. मी शाळा सुटल्यावर नेहमी तिथेच असते, वजनकाटा सांभाळते, त्यामुळे सुरी मीच दिली. म्हणजे बघायला गेलं तर थोडा दोष माझाही आहे.

"आणलाच आहे तर याचाच धडा करू," आई म्हणाली. "एका माणसाचा वाटा किती? हाताएवढा नाही, डॉन एपिग्मेनिओ. बोटाएवढा. हे असं." आणि तिनं एकदम नेटकी, बोटाएवढी पातळ चकती कापली.

टक्.

चकतीतून प्लास्टिकच्या बाळाचं पांढरं डोकं बाहेर आलं आणि आमच्याकडे बघू लागलं.

मग जो काय गलका झाला! "तमाल! तमाल! नुत्रीबाईंचे तमाल!" ज्याच्या वाट्याला रोस्क्यातलं बाळ येतं, त्यानं कांदेलारियाला, म्हणजे दोन फेब्रुवारीला, सगळ्यांना तमाल, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे गोळे, खाऊ घालायचे. यातून आजवर कुणी सुटलेलं नाही. डॉन एपिग्मेनिओनं तरुणपणी, बस चालवायचा तेव्हा, तमाल चुकवायला एकदा बाळ गिळलं होतं. चेहरा निळा पडला, पाठीत बुक्के बसले, बाळ बाहेर आलं आणि तमाल द्यावे लागले ते लागलेच.

"पण मी खाणार नव्हते!" आई ओरडली. "मी फक्त वाटा दाखवत होते!"

"बाळानंही फक्त तोंडच दाखवलंय," डॉन एपिग्मेनिओ म्हणाला.

"खाणाऱ्याचा नाही, कापणाऱ्याचा नियम असतो," डोन्या फिलेमोनानं निकाल दिला. ती चौकात कोरुंदा विकते. कोरुंदा म्हणजे आमचे मक्याच्या हिरव्या पानातले तिकोनी तमाल. त्यामुळे तमालांच्या बाबतीत तिच्यावर अपील नाही. "म्हणून तर मी नेहमी डोळे मिटून कापते. तुम्ही शास्त्रवाले डोळे उघडे ठेवता. भोगा आता."

सगळे हसले. मीही हसले. आई हसली नाही, आणि का ते मला माहीत होतं.

तीन फेब्रुवारीला सकाळी मोरेल्याहून डॉक्टर सेपेदा येणार होते. ते क्लबातल्या प्रत्येकाचं उपाशीपोटी बोट टोचणार, आणि बहुतेकांची साखर आटोक्यात निघाली तर क्लबाला मान्यता मिळणार, आणि मान्यता मिळाली तर आईची नोकरी कायम होणार. नाही तर तिचं कंत्राट संपलं. मग आम्ही चाललो मोंतेर्रेला. तिथे एका स्क्रूच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला जागा मिळत होती.

म्हणजे काय झालं बघा. दोन तारखेला सगळ्यांना पोटभर मक्याचं पीठ आणि डुकराची चरबी खाऊ घालायची, आणि तीन तारखेला सकाळी त्यांचं रक्त तपासायचं. आणि हे सगळं आईनं स्वतःच्या सुरीनं ओढवून घेतलं होतं!

आई आहारतज्ज्ञ झाली तेव्हा तिला वाटलं होतं, लोक तिच्याकडे काय खावं ते विचारायला येतील. तिची पहिली नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात. ती ताटांवर "बिनमिठाचं" अशा चिठ्ठ्या लावायची, आणि नातेवाईक पांघरुणाखालून तळलेलं डुकराचं मांस आत न्यायचे. मग व्यायामशाळा. तिथे पोरं म्हणायची, "नुत्री, पोटाचं राहू द्या, फक्त दंड फुगतील असं काही सांगा." मग औषधाच्या दुकानावरची एक खोली. तिथे बायका चुलत बहिणीच्या लग्नासाठी शिवलेला ड्रेसच घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "यात मला बसवा." मग इथे, सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर. प्रत्येक ठिकाणी तिच्याबरोबर एक खोका जायचा. त्यात शिकवायचं रबरी जेवण असतं: रबरी तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, रबरी अंडं, रबरी कोंबडीची तंगडी, अर्धं रबरी सफरचंद. इथे येऊन इतके दिवस झाले तरी ती क्लबाच्या दिवशी खोका उघडायची आणि संध्याकाळी परत चिकटपट्टी लावून ठेवायची.

"फळीवर मांडून ठेव ना," मी एकदा म्हटलं.

"कायम झाले की मांडेन," ती म्हणाली.

मला मोंतेर्रेला जायचं नव्हतं. आधीच्या तीन शाळांमध्ये मी असं एक भूत होते, जे हजेरीला "उपस्थित" म्हणायलाही लाजायचं. इथे मागच्या सप्टेंबरात शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणारी मुलगी आजारी पडली आणि बाईंनी माझ्या हातात माईक कोंबला. त्यानंतर मी तो खाली ठेवलेलाच नाही. आता मुलं मला कॉरिडॉरमध्ये नावानं हाक मारतात! युनुएन! तिकडून, लांबून! ते सोडून मी स्क्रूच्या गावाला जाऊ?

आईनं सुटायचे सगळे मार्ग शोधून पाहिले. "तमाल पुढच्या आठवड्यात दिले तर?"

"मग कांदेलारिया पण पुढच्या आठवड्यात ठेवायला सांगा फादरना," डॉन एपिग्मेनिओ म्हणाला.

"फळं दिली तर?"

डोन्या फिलेमोना खुर्चीतून उठली. हे ती फार क्वचित करते, तिच्या कंबरेमुळे. "हे बघा नुत्रीबाई. तुम्ही म्हणालात साखर सोडा, सोडली. निदान तुमच्यासमोर तरी. तुम्ही म्हणालात चौकाला फेऱ्या मारा, तर..."

"त्या कुणीच मारल्या नाहीत," आई म्हणाली.

"माझी कंबर, यांचा गुडघा, ते सोडा. पण बाळ म्हणजे बाळ. आमचं रक्त हवं असेल, तर आधी तमाल. तमाल नाहीत, तर बोटं पण नाहीत." आणि सगळ्या क्लबानं बोटं मुठीत दडवली. डॉन एपिग्मेनिओनं तर दोन्ही हात खिशात घातले.

शेवटी आईनं तह केला. तमाल मिळतील, पण तिच्या पद्धतीचे: आत घेवडा आणि निवडुंगाची कोवळी पानं, चरबी चमच्यानं मोजून, आणि आकार रबरी अंड्याएवढा.

"मी करते!" मी म्हणाले. मी तमाल पूर्वी कधी केले नव्हते. पण मी माईकही पूर्वी कधी धरला नव्हता.

कांदेलारियाच्या सकाळी आम्ही दोघी आरोग्य केंद्राच्या मागच्या अंगणात होतो. गॅसची शेगडी, उसनं आणलेलं मोठं पातेलं, तळाला पाण्यात टाकलेलं नाणं. ते खडखडतंय तोवर पाणी आहे, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी पीठ मळत होते आणि वाटीभर पाण्यात गोळी टाकून बघत होते. गोळी तरंगली की पीठ झालं. माझी गोळी दगडासारखी तळाला जाऊन बसत होती.

"चरबी कमी पडतेय," मी म्हणाले.

"चरबी मोजून घातलीये."

"आई, गोळी बुडतेय! गोळीला मोजमाप कळत नाही!"

"मला कळतं. उद्या बोटं टोचणार आहेत."

"मग आज तमाल नाही, रबरच दे ना त्यांना! खोक्यात आहेच. तसंही तू ते बाहेर कुठे काढतेस? आपलं सगळंच चिकटपट्टी लावून ठेवलंय. घर, खोका, मी!"

हे असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. पण सुरू झाल्यावर मला थांबता येत नाही, ही माझी नवीनच खोड आहे. मी म्हणाले की मी मोंतेर्रेला येणार नाही. ती म्हणाली, मग काय वजनकाट्यावर झोपणार का? मी म्हणाले हो, झोपेन. ती म्हणाली, तुला वाटतं मला हौस आहे? मी म्हणाले, मग दुसरी एखादी नोकरी करायची होती, जिथे माणसं म्हटलेलं ऐकतात. त्यावर तिनं पाठ फिरवली आणि पुढचं पान उचललं. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. आम्ही उरलेले तमाल पाठीला पाठ लावून गुंडाळले, पातेल्यात उभे केले आणि झाकण आदळलं. ते मी आदळलं.

चर्च सुटल्यावर क्लब आला. प्रत्येकाच्या कडेवर आपापला बाळ येशू, म्हणजे घरातली नटवलेली बाहुली, चर्चमध्ये आशीर्वाद घेऊन आलेला. डोन्या फिलेमोनाचा पांढऱ्या लेसमध्ये. डॉन एपिग्मेनिओनं आपल्या बाळाला डॉक्टरचा कोट शिवला होता आणि गळ्यात इवलासा स्टेथोस्कोप. "उद्यासाठी," तो म्हणाला. "आमच्या बाजूनंही एक डॉक्टर असू दे." बाळांना बाकावर ओळीनं बसवलं आणि म्हातारे पातेल्याभोवती बसले.

डोन्या फिलेमोनानं झाकण उचललं. एक तमाल काढला, पान उलगडलं, बोट दाबलं. बोट आत गेलं आणि पिठानं माखून बाहेर आलं.

"कच्चा."

"अजून थोडा वेळ," आई म्हणाली.

थोडा वेळ झाला. कच्चे. आणखी थोडा झाला. नाणं खडखडत होतं, वाफ येत होती, आणि आत पीठ तसंच पांढरं, गिळगिळीत. डोन्या फिलेमोनानं झाकण ठेवलं, कंबरेवर हात ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"भांडलं कोण?"

"डोन्या फिलेमोना, चरबीचं प्रमाण कमी असलं की पिठात वाफ..."

"ते सगळं असेल. भांडलं कोण?"

"वरच्या थरातलं तापमान..."

"आम्ही," मी म्हणाले.

"अरे देवा," डॉन एपिग्मेनिओनं छातीवर क्रूस काढला. "तमालांसमोर?"

"अगदी समोर. झाकण मी आदळलं."

"मग दिवसभर शिजवा, नाही शिजणार," डोन्या फिलेमोना म्हणाली. "तमाल रुसलेत. ज्यांनी भांडण केलं, त्यांनी पातेल्यापुढे नाचायचं. ते हसेपर्यंत."

"तमाल?" आई म्हणाली.

"तमाल."

"मी विद्यापीठात पाच वर्षं शिकलेय."

"तिथे नाचायला शिकवलं नसेल, तर चुकेल थोडं. चालेल."

डॉन एपिग्मेनिओनं कुठून व्हायोलिन काढलं देव जाणे. म्हातारबाबांच्या नाचाची धून सुरू झाली, तीच, ज्यावर आमच्या इथे पोरं मुखवटे लावून, काठी टेकत, पाय आपटत नाचतात. मी आईचा हात धरला. हात थंड होता आणि पिठानं भरलेला. "चल ना," मी म्हणाले, "कायम नसलेल्या माणसांनाही नाचता येतं." ती आधी नुसतीच उभी राहिली. मग तिनं एक पाय आपटला, रागानं. मग दुसरा. मग तिला माझ्या तोंडाकडे बघून हसू आलं, कारण माझ्या नाकाला पीठ लागलं होतं, आणि मग आम्ही दोघी त्या शेगडीपुढे अशा काही नाचलो की आमच्यासमोर तमालांनीच लाजावं.

धून संपली. डोन्या फिलेमोनानं झाकण उचललं. "जरा हसलेत. पुरेसं नाही. आता सगळ्यांनी उठा. दोघींच्यानं होणारं काम नाही हे."

आणि ते उठले! ज्यांना आई वर्षभर चौकाच्या फेऱ्या मारायला विनवत होती, ते गुडघेवाले, कंबरवाले, धापवाले, सगळे उठले. म्हाताऱ्यांची नक्कल करायचा नाच खरेखुरे म्हातारे नाचत होते, मुखवट्याचा खर्च वाचवून. डोन्या फिलेमोना स्वतः अशी ठुमकत होती, की तिची कंबर क्लबापुरतीच दुखते असा मला आता पक्का संशय आहे.

तेवढ्यात मी आईकडे पाहिलं. ती थांबली होती. तिचे ओठ हलत होते, पेशंटच्या ताटातलं मोजते तसे. मग ती माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "युनुएन. यांना थांबू देऊ नकोस."

"तमाल शिजेपर्यंत?"

"त्यानंतरही." आणि माझ्या विद्यापीठात शिकलेल्या आईनं चप्पल नीट करायच्या निमित्तानं खाली वाकून गॅसची ज्योत बारीक केली.

बस! मला आणखी काय सांगायला हवं? मी बाकावर चढले, बाळ येशूंच्या शेजारी, आणि हातातला मोठा चमचा हाच माझा माईक. "आणि आता, बंधू-भगिनींनो, डॉन एपिग्मेनिओ यांचा डावा गुडघा! टाळ्या! नाही, नाही, बसायचं नाही, तमाल बघतायत! डोन्या फिलेमोना, एक गिरकी, मागच्या रांगेतल्या निवडुंगाच्या तमालांसाठी!" व्हायोलिन दमलं की मी मोबाइल लावायचे. कुणी बसायला गेलं की मी झाकणावर चमचा वाजवून विचारायचे, "कोण आहे तो, ज्याच्यामुळे आज आपण उपाशी राहणार?" मग तो पुन्हा उठायचा. डोन्या फिलेमोना अधूनमधून झाकण उचलायची आणि डोळ्याची पापणीही न हलवता म्हणायची, "कच्चे. चला, पुढचं गाणं."

ऊन कलल्यावर तमाल शिजले. तोपर्यंत सगळे इतके घामाघूम आणि इतके दमले होते की लोक एक खाऊन, फार तर दोन खाऊन, पाणी पाणी करत बसले. चव कशी होती? डोन्या फिलेमोना बराच वेळ चावत राहिली.

"नुत्रीबाई," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या या तमालाचा कुणाला मोह पडणार नाही. हे औषध म्हणून चांगलं आहे."

जाताना ती शेगडीपाशी थांबली. पायानं हळूच गॅसचं बटण दाखवलं. "मी इतकी वर्षं पातेली चढवते. ज्योत कुणी बारीक केली ते मला दिसत नाही, असं वाटलं होय तुम्हाला?"

आई लाल झाली. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला ते गाणं आवडतं," डोन्या फिलेमोना म्हणाली.

तीन तारखेला सकाळी सगळे आले. लंगडत, कण्हत, एकमेकांच्या पायांना शिव्या घालत, पण उपाशीपोटी आणि बोटं उघडी ठेवून. आई भिंतीला टेकून उभी होती. चिकटपट्टी लावलेला खोका तिच्या पायाशी होता. डॉक्टर सेपेदा उंच, इस्त्री केलेले, अजिबात न हसणारे. ते टोचायचे, यंत्रात बघायचे, मान हलवायचे, पुढचा. टोचायचे, बघायचे, भुवई वर. पुढचा. मला एकही आकडा दिसत नव्हता. मी फक्त ती भुवई बघत होते.

शेवटी त्यांनी यंत्र ठेवलं. "एकजण सोडून सगळे आटोक्यात," ते म्हणाले. "हे तुमच्या मागच्या आकड्यांपेक्षा बरंच चांगलं आहे. आणि व्यायामाच्या रकान्यात तर तुम्ही प्रामाणिकपणे 'कुणीच करत नाही' असं लिहिलंय. मग हे झालं कसं?"

आईनं तोंड उघडलं. मी तिला ओळखते, ती तंतुमय पदार्थांपासून सुरुवात करणार होती. पण डॉन एपिग्मेनिओ आधी बोलला. "काल तमाल शिजेनात, डॉक्टरसाहेब. म्हणून आम्ही नाचलो."

आईनं डोळे मिटले. संपलं, मला वाटलं. स्क्रू, मोंतेर्रे, संपलं.

डॉक्टर सेपेदांनी चष्मा काढला. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "भांडलं कोण होतं?"

आईनं हळूच हात वर केला. मीही केला.

"माझ्या आईच्या घरी एकदा संध्याकाळपर्यंत नाचायला लागलं होतं," ते म्हणाले आणि चष्मा लावला. "पण एका दिवसाच्या नाचानं क्लब चालत नाही, बाई. नियमित कार्यक्रम हवा. दर आठवड्याला. ती अट लिहितो आणि मान्यता देतो. पत्र मोरेल्याहून येईल."

मी किंचाळले. डोन्या फिलेमोनानं माझ्या तोंडावर हात ठेवला, पण ती स्वतःही किंचाळतच होती. आईनं खाली बसून खोक्याची चिकटपट्टी नखानं ओढून काढली, आणि रबरी अंडं, रबरी तंगडी, अर्धं सफरचंद, सगळं एकेक करून फळीवर मांडलं. तोर्तिया मधोमध.

जो एकजण आटोक्यात नव्हता तो अर्थात डॉन एपिग्मेनिओ. त्यानं आमच्या तमालांवर रात्री घरी जाऊन "चव बदलायला" म्हणून बायकोचे खरे तमाल खाल्ले होते. किती, ते तो अजून सांगत नाही. त्याचं डॉक्टर-बाळ तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

आता दर गुरुवारी आरोग्य केंद्राच्या अंगणात पातेलं चढतं. पण क्लबाचं म्हणणं असं, की भांडण झाल्याशिवाय नाचणं म्हणजे नुसता वेडेपणा. तमाल रुसलेलेच नाहीत, तर कुणासाठी नाचायचं? त्यामुळे दर गुरुवारी कुणीतरी पातेल्यासमोर भांडावं लागतं. गेल्या खेपेला डोन्या फिलेमोना आणि डॉन एपिग्मेनिओ बसच्या एका जुन्या तिकिटावरून भांडले, आणि ते इतकं छान झालं की पुढच्या खोलीत तपासायला आलेले पेशंट बाहेर येऊन बसले.

या गुरुवारी आमची पाळी आहे, आईची आणि माझी. ती म्हणाली, काहीतरी छोटंसं शोध, माझ्या केसांवरून वगैरे. मी हो म्हटलंय. पण मी तिला पातेल्यासमोर काय सांगणार आहे ते माझं ठरलंय: शाळा संपली की मीही नुत्री होणार.

तिनं मला लहानपणापासून सांगितलंय, काहीही हो, वकील हो, सर्कशीत जा, पण हे नको. त्यामुळे या खेपेला खोटं भांडायची गरज पडणार नाही. डोन्या फिलेमोनाला मी आधीच सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "अगं पोरी, मग त्या दिवशी चांगले जोडे घालूनच येते. अंधार पडेपर्यंत काही शिजत नाही."